इन्फो ॲट एकत्र कुटुंब

जीएसटीची नवी नोंदणी करताना सरकार दोन ओटीपी पाठवतं. एक मोबाईलवर, एक ईमेलवर. दोन्ही वेगळे आणि दोन्हींचं आयुष्य दहा मिनिटांचं. ज्या कुणी हे आखलं त्याच्या डोळ्यांपुढे असा एक दुकानदार असणार, ज्याच्या खिशात मोबाईल आहे आणि त्याच मोबाईलमध्ये त्याचा स्वतःचा ईमेलही आहे. परभणीच्या मोंढ्यात असा दुकानदार शोधायचा तर दहा मिनिटं पुरणार नाहीत. इथे मोबाईलचा ओटीपी येतो मालकाला आणि ईमेलचा येतो मालकाच्या पुतण्याला. पुतण्या हिंजवडीत नोकरीला आणि या घडीला मीटिंगमध्ये. टॅक्सवाल्याच्या ऑफिसातून फोन येतो, "काका, ओटीपी आला का?" "आला की. लिहा, सात दोन..." "हा मोबाईलचा झाला. मेलचा सांगा." "मेल आमच्याकडं नसतो. मेल पुण्याला असतो." मग पुण्याला फोन, पुण्याहून 'थोड्या वेळाने करतो' असा तयार मेसेज, आणि इकडे काउंटरवर खताची दोन पोती घेऊन उभं असलेलं गिऱ्हाईक "माझं बिल करा ना आधी" म्हणून मागे लागलेलं. दहा मिनिटं संपतात. टॅक्सवाला नवा ओटीपी मागवतो. एवढ्यात पुतण्या मीटिंगमधून सुटतो, धावतपळत आकडा कळवतो, आणि तो आधीचा निघतो.

छोट्या धंद्याचा ईमेल स्मार्टफोनवर बसवून देणं हे तांत्रिक काम आहे असा सर्वसाधारण समज आहे. म्हणूनच ते मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवरच्या पोरावर सोपवलं जातं. प्रस्तुत लेखकाची तांत्रिक पात्रता 'एकदा बंद करून चालू करून बघा' यापुढे जात नाही, पण तेवढ्या पात्रतेवरही एक दावा करता येतो : या कामात तंत्र फारच थोडं आहे. फोनमध्ये मेल बसवायला पाच मिनिटं लागतात. तो कुणाच्या फोनमध्ये बसवायचा हे ठरायला पाच वर्षं. हे मुळात वाटणीचं काम आहे. त्याला गावातली चार शहाणी माणसं, एक वकील आणि घरातली सर्वांत थोरली आत्या एवढी मंडळी सतरंजीवर बसवली पाहिजेत, आणि टपरीवरच्या पोराला सगळ्यात शेवटी, पासवर्ड टाकण्यापुरतं, आत बोलावलं पाहिजे.

पुरावा पाहिजे असेल तर लांब जायला नको. मोंढ्यातली आडत घ्या, स्टेशन रोडवरचं हार्डवेअर घ्या, गंगाखेडचं कृषी सेवा केंद्र घ्या नाहीतर मानवत-सेलूकडची एखादी जिनिंग घ्या. पाटीवर सगळ्यात वर देवाचं नाव, मग दुकानाचं, मग 'प्रो. प्रा.', मग दोन मोबाईल नंबर आणि तळाशी, जागा उरली म्हणून, ईमेल. त्या ईमेलवर आजवर कुणाचं काही पोचलेलं नसतं, कारण पेंटरने एक अक्षर गाळलेलं असतं. आणि अक्षर गाळल्याचं कुणाच्या लक्षात आलेलं नसतं, कारण काही पोचावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. दुकानाचे कागदोपत्री मेल वेगळेच. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला त्या धांदलीत टॅक्सवाल्याने फॉर्मवर स्वतःचाच मेल टाकून दिला. बँकेत चालू खातं उघडताना पुतण्या सोबत होता, तिथे पुतण्याचा लागला. १ जुलै २०२०पासून उद्यम नोंदणी सुरू झाली, ती ज्या मल्टिसर्व्हिसेसवाल्याने झेरॉक्स मशीनच्या आडोशाला बसून करून दिली, त्याने आपला लावला. अशा रीतीने एकाच दुकानाचे तीन मेल तीन घरी नांदतात आणि दुकानात एकही नाही. हेही खपून गेलं असतं, पण कायदा आडवा येतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६९नुसार, नोंदणीत दिलेल्या ईमेलवर पाठवलेली नोटीस ही रीतसर बजावलेली नोटीस असते. पूर्वी नोटीस घेऊन पोस्टमन यायचा, 'मालक बाहेरगावी गेलेत' असं मालक स्वतःच सांगायचे आणि पोस्टमनही ते ऐकून घ्यायचा. ईमेलला असं काही सांगता येत नाही. तो टॅक्सवाल्याच्या फोनमध्ये, बिर्याणीच्या सवलतींच्या खाली, कायदेशीररीत्या बजावून मोकळा होतो.

नुसत्या पत्त्यांच्या नावांवरूनही दुकानाची आणि मेलची फारकत दिसते. जीमेल निघालं १ एप्रिल २००४ रोजी. खेड्याखेड्यांत स्वस्त इंटरनेट पोचलं ते सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर. मधल्या बारा वर्षांत देशातले सगळे बालाजी, सगळे साई आणि सगळे जय किसान इतरांनी पळवलेले होते. मग उरलेल्या नावांना आकडे चिकटले : दुकानाच्या स्थापनेचं साल, पिनकोड ४३१४०१, आणि काहीच न सुचल्यास एमएच २२. हा निदान धंद्याचा पत्ता तरी वाटतो. ज्यांनी पुतण्याच्या कॉलेजातलाच मेल दुकानाला लावला, त्यांची कोटेशनं 'रॉयल किंग', 'ॲटिट्यूड बॉय' नाहीतर 'फक्त तुझाच' अशा नावांनी सरकारी कचेऱ्यांत जातात. ठिबकच्या नळ्यांचे दर बघायला साहेब मेल उघडतात तर वर गॉगल लावून बुलेटवर टेकलेला एक तरुण, आणि खाली 'आपल्या सेवेस सदैव तत्पर'.

हा पत्ता फोनवर सांगणं हा तर स्वतंत्र खटला आहे. 'पी फॉर परभणी' इथपर्यंत ठीक चालतं. पण जिल्ह्यात तालुके नऊ, त्यांतले परभणी, पूर्णा, पालम आणि पाथरी हे चार पी. सोनपेठ आणि सेलू हे दोन एस. उरले जिंतूर, मानवत, गंगाखेड. म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात मिळून अक्षरं पाच. १९९९मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा निधीबद्दल, कार्यालयांबद्दल पुष्कळ बोललं गेलं असेल. हिंगोलीबरोबर एच आणि कळमनुरीबरोबर के गेला याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वसमतचा व्ही की बी यावर तसंही एकमत नव्हतं. तेव्हापासून एन नांदेडकडून, एल लातूरकडून आणि बी कधी बीडकडून तर कधी बैलाकडून उसना आणावा लागतो. गंमत म्हणजे जीमेलच्या पत्त्यातलं टिंब जीमेल हिशेबातच धरत नाही. ते घातलं काय, गाळलं काय, मेल त्याच घरी जातो. तरी 'मधे डॉट आहे बरं का, डॉट' एवढी एकच गोष्ट माणसं बजावून बजावून सांगतात आणि आडनावाचं स्पेलिंग ऐकणाऱ्याच्या मर्जीवर सोडतात.

इथवर आलं की कुणीतरी जाणकार सुचवतो, स्वतःचं डोमेन घ्या. सल्ला बरोबर आहे आणि फारसा महागही नाही. डोमेन विकणारा सोबत पाच पत्ते देतो : इन्फो, सेल्स, अकाउंट्स, सपोर्ट आणि एचआर. दुकानात माणसं असतात दोन भाऊ, एक मुनीम आणि दोन हमाल. 'एचआर कोण?' असं मुनीम गंभीरपणे विचारतो, आणि हमालांनी उचल मागायची असेल तर यापुढे तिथे मेल करावा असं ठरतं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या गावात दुकानाच्या नावापुढे डॉट कॉम लागलं की मालकाला जर्मनी आता फार लांब वाटत नाही. मराठीचा अभिमान असलेले लोक डॉट भारत घेऊ पाहतात. हे डोमेन देवनागरीत २०१४पासून मिळतं. पण ऑनलाईन फॉर्म भरताना पुष्कळ ठिकाणी असा पत्ता पचत नाही. 'योग्य ईमेल लिहा' अशी ताकीद लाल अक्षरांत येते, तीही इंग्रजीत.

आता प्रत्यक्ष फोन हातात घेऊ. जीमेलच्या ॲपमध्ये नवं खातं जोडायला गेलं की एक यादी येते. तिच्यात आपलं काही नसतं म्हणून 'इतर' दाबायचं. पत्ता भरला की फोन विचारतो : पीओपी, आयमॅप की एक्स्चेंज? टपरीवरचं पोरगं मान वर न करता पहिलं दिसेल ते दाबतं, आणि त्या एका बोटासरशी, पोर्ट ९९५ की ९९३ अशा निरुपद्रवी आकड्यांच्या आड, घराण्याचा फैसला होतो. कारण पीओपी म्हणजे वाटणी आणि आयमॅप म्हणजे एकत्र कुटुंब. पीओपीत मेल सर्व्हरवरून फोनमध्ये उतरतो, आणि सेटिंगमध्ये तशी खूण असेल तर सर्व्हरवरून पुसला जातो. ज्याच्या फोनने आधी हात मारला त्याची मिळकत. थोरला भाऊ पहाटे पाचला उठतो, त्यामुळे त्याचा फोनही पाचला उठतो, आणि रात्रीतून आलेलं सगळं त्याच्या फोनमध्ये जाऊन बसतं. धाकटा नऊला बघतो तर इनबॉक्स झाडून पुसून लख्ख. "आज काय मेल दिसंना," म्हणून तो निवांत होतो. थोरल्याला वाटतं, धाकट्याने पाहिलंच असेल, शिकलेला आहे. बियाणं कंपनीचं नवं दरपत्रक महिनाभर थोरल्याच्या खिशातून शेतावर, लग्नाला, दवाखान्यात हिंडून येतं, आणि दुकानात सोयाबीनचं बियाणं जुन्याच भावाने विकलं जातं.

आयमॅप बरोबर याच्या उलट. १९८६च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ते रचलं, ते मेल सर्व्हरवरच राहावा आणि कुठल्याही यंत्रावरून वाचता यावा म्हणून. त्यांना मोंढा माहीत असण्याचं कारण नाही, पण एकत्र कुटुंब माहीत असावं असा दाट संशय येतो. इथे एका फोनवर जे घडतं ते सगळ्या फोनांवर घडतं. एकाने मेल उघडला की त्याची ठळक अक्षरं सगळ्यांकडे फिकट होतात. फिकट दिसलं की प्रत्येक जण समजतो, ज्याने उघडला त्याने उत्तर दिलं असेल. ज्याने उघडला तो असतो सहा वर्षांचा नातू, गेम शोधताना. आणि एकाने पुसलं की सगळ्यांचं पुसतं. "मोठे काका, तुम्ही मेल काढून टाकले का?" "मी कशाला काढू? जागा नाही म्हणायलता फोन. नातीच्या बारशाचे फोटो ठेवले, इंग्रजीतलं तेवढं काढलं." या एका साफसफाईत तीन बिलं आणि एक नोटीस जिल्ह्यातल्या चार फोनांमधून एकाच क्षणी अंतर्धान पावतात. आयकर खात्याने या वस्तुस्थितीची दखल फार पूर्वी घेतलेली आहे. पॅन कार्डावरचं चौथं अक्षर पाहा : व्यक्तीला पी, फर्मला एफ, कंपनीला सी, आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला चक्क स्वतःचं एच. फोन बनवणाऱ्यांना एवढं सुचलं असतं तर सेटिंगमध्ये एक चौथा पर्याय आला असता, ज्यात कर्त्याने आधी वाचायचं, त्याचा चहा झाला की धाकट्यांना वाचू द्यायचं, आणि पुसायचा अधिकार कुणालाच नाही.

यावर एक सभ्य आक्षेप येतो की मग सरळ आयमॅप निवडावं आणि 'वाचलं तर उत्तर द्या, पुसू नका' एवढं घरच्यांना शिकवावं. असा आक्षेप घेणाऱ्याने भावाभावांचा धंदा जवळून पाहिलेला नसतो. सगळ्यांना सगळं दिसणं ही सोय आहे असं मेल बनवणारे समजतात. दुकानात ती आपत्ती असते. खत-बियाण्याच्या धंद्यात उद्दिष्ट पुरं करणाऱ्या विक्रेत्यांना कंपन्या सहली देतात, आणि बँकॉकची सहल बहुधा दोघांची असते. जोवर हा निरोप कंपनीचा प्रतिनिधी थोरल्याच्या कानात सांगायचा, तोवर घरापर्यंत 'कंपनीची मीटिंग आहे हैदराबादला' एवढंच पोचायचं आणि सगळं सुखाने चालायचं. आयमॅप बसल्यावर तोच निरोप 'हार्दिक अभिनंदन' अशा विषयासह चार फोनांवर एकदम वाजतो, वर अकाउंट्सच्या पत्त्यावर, म्हणजे मुनिमाकडेही जातो. रात्री जेवणं उरकताना धाकटी जाऊ थोरलीला एवढंच विचारते, "ताई, हैदराबादला जायला पासपोर्ट लागतो का हो?" आणि थोरलीलाही ते नव्याने कळतं. पुढच्या आठवड्यात थोरले मालक टपरीवर जातात आणि पोराला म्हणतात, "ते पहिलं होतं ना, तेच बसवून दे."

तिसरा पर्याय एक्स्चेंजचा. तो निवडला की फोन एक परवानगी मागतो, आणि ती परवानगी शेवटपर्यंत वाचणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. तिचा मथितार्थ असा की मेलचा ॲडमिन हवा तेव्हा, दूर बसून, या फोनमधली सगळी माहिती पुसून टाकू शकेल. फोन चोरीला गेला किंवा नोकरी सोडणाऱ्याने तसाच नेला तर कंपनीची गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून ही व्यवस्था आहे. पण कंपनी म्हणजे जिथे पाच माणसं आणि त्यांतली दोन एकाच आईची लेकरं, तिथे ॲडमिन कोण? जो ॲडमिन होईल त्याच्या एका बोटाखाली थोरल्यांच्या फोनमधली भजनं, सातबाऱ्याचे फोटो, उधारीच्या याद्या आणि बारशाचे ते वाचवलेले फोटोसुद्धा. व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनपदावरून ज्या समाजात सख्ख्या मेहुण्यांचे अबोले होतात, तिथे पुसण्याचा अधिकार असलेलं ॲडमिनपद ही साधी गोष्ट नाही. "ॲडमिन मोठ्यांना करा." "मोठ्यांना ॲडमिन म्हणजे काय तेच कळायचं नाही." "म्हणूनच म्हणायलो."

पासवर्डबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. देवाचं नाव, पहिलं अक्षर मोठं, मग ॲट, मग एक-दोन-तीन. शेजारच्या दुकानाच्या मेलमध्ये शिरायचं असेल तर त्यांचं कुलदैवत ठाऊक असलं की पुरे. हा पासवर्ड कालनिर्णयच्या पानामागे दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेला असतो आणि नवं वर्ष लागलं की रद्दीत जातो. म्हणून जानेवारी हा जिल्ह्यात हुरड्याबरोबरच 'पासवर्ड विसरलात?'चाही हंगाम असतो. त्या बटणावर गेलं तर गुगल म्हणतं, तुमच्या जुन्या फोनवर 'होय, मीच' दाबा. जुना फोन पुतण्याने दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन टाकलेला. आणि सगळं जुळून आलं तरी स्वस्त फोन बॅटरी वाचवायच्या नादात मेलच्या ॲपला झोपवून ठेवतात, त्यामुळे 'मेल आलाच नाही' हे वाक्य क्वचित खरंही असतं. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेल्यावर, फोन स्वतःच 'मला थंड होऊ द्या' म्हणतो. त्याबाबतीत त्याच्याशी कुणाचा वाद नाही.

सर्वांत जोरदार आक्षेप असा की ही उठाठेव हवी कशाला, व्हॉट्सॲप आहे की. व्यवसायासाठीचं व्हॉट्सॲप जानेवारी २०१८मध्ये आलं आणि मेलला दारात उभं ठेवून दुकानात शिरलं. त्याला विषय लिहावा लागत नाही, 'डिअर सर' लागत नाही. मालाचा फोटो टाकला, भाव विचारला, अंगठा आला, सौदा झाला. या आक्षेपाचा आदर केला पाहिजे, कारण इथे मेलसुद्धा व्हॉट्सॲपमार्गेच जातो. बिल हाताने लिहायचं. त्याचा फोटो काढायचा, एक कोपरा अंगठ्याखाली ठेवून. तो फोटो पुतण्याला. पुतण्याने त्याची पीडीएफ करायची. हे काम पूर्वी कॅमस्कॅनर करायचं, ते सरकारने जून २०२०मध्ये चिनी ॲपांच्या यादीत घालून बंद केलं, आणि सीमेवर काय परिणाम झाला ते तज्ज्ञ सांगतील, पण मोंढ्यातलं कागदपत्रांचं काम आठवडाभर ठप्प होतं. पीडीएफ झाली की मेल, विषयाची जागा रिकामी. मग फोन : "मेल केलाय, बघा." पलीकडून : "बघतो. व्हॉट्सॲपला पण टाका ना." तिथे टाकलं की आणखी एक फोन : "टाकलाय. निळं व्हईना अजून."

तरीही हा आक्षेप टिकत नाही, आणि त्याचं कारण भावनिक नाही. व्हॉट्सॲपचा नंबर माणसाला चिकटलेला असतो. दुकानाचा सगळा बोलबाला मुनिमाच्या नंबरवर चालत असेल तर मुनीम ज्या दिवशी समोरच्या गाळ्यात स्वतःचं दुकान टाकतो, त्या दिवशी गिऱ्हाईकं, भाव, उधाऱ्या आणि आजवर आलेले सगळे अंगठे त्याच्याबरोबर रस्ता ओलांडतात. शिवाय कलम १६९मध्ये समक्ष देणं आहे, टपाल आहे, कुरिअर आहे, ईमेल आहे, पोर्टल आहे, वर्तमानपत्र आहे, शेवटी दारावर कागद चिकटवणंसुद्धा आहे. निळ्या टिका नाहीत.

दुसरा आक्षेप पुण्या-मुंबईकडून येतो : हे गावाकडचं अडाणीपण, दुसरं काय. याला उत्तर द्यायला वॉशिंग्टनपर्यंत जावं लागेल. हिलरी क्लिंटन २००९ ते २०१३ अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री होत्या. सरकारी मेल त्यांनी घरच्या सर्व्हरवरून चालवला, आणि २०१५मध्ये पत्रकारांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, दोन फोन बाळगण्यापेक्षा एक सोयीचा वाटला. नानलपेठेतला कुठलाही दुकानदार अक्षरशः हेच सांगेल. फक्त त्याला नंतर अध्यक्षपदाची निवडणूक लढवायची नसते. आपल्या केंद्र सरकारलाही सरकारी कामाला सरकारीच मेल वापरा, हे अधिकाऱ्यांना रीतसर धोरण करून सांगावं लागलं, तेही २०१५ सालीच. म्हणजे घरचं आणि दुकानचं एकाच फोनात कालवणं ही मराठवाड्याची खासियत नव्हे. उलट आपल्याकडे एके काळी याहून शिस्त होती. तार बंद झाली ती जुलै २०१३मध्ये. पण तारेच्या ऐन दिवसांत व्यापारी पेढ्या तारघरात स्वतःचा आखूड पत्ता नोंदवून ठेवत, आणि लेटरहेडवर टेलिफोन नंबरच्या शेजारी 'ग्राम' म्हणून तो छापलेला असे. तो शब्द पेढीचा असे. मुनीम बदलला, मालक देवाघरी गेले, भाऊ वेगळे झाले, तरी तार पेढीच्याच उंबऱ्यावर यायची. ती कुणी आधी उघडायची यावर भांडण होत असेलही, पण ती पुण्याला जात नसे.

तर मग मेल कुणाच्या फोनवर? चार शहाणी माणसं, वकील आणि आत्या यांच्यापुढे हा प्रश्न ठेवला तर थोरल्याचं नाव निघतं, धाकट्याचं निघतं, पुतण्याचं तर निघतंच. एक नाव निघत नाही, आणि ते नोंदणीच्या दाखल्यावर छापलेलं असतं. पुष्कळ दुकानांच्या पाटीवर 'प्रो. प्रा. सौ.' लिहिलेलं असतं ते उगीच नाही. कर्ज, योजना, कराची सोय, भावाभावांचा तह, अशा कुठल्या ना कुठल्या कारणाने दुकान सुनेच्या नावावर असतं. आधार तिचं, पॅन तिचं, सही तिची. मोबाईलचा ओटीपीही तिच्याच फोनवर येतो, स्वयंपाकघरात, कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला. "सूनबाई, आकडा आलाय का बघा बरं." "आलाय, मामंजी. पण हे कशासाठी आहे ते खाली..." "आकडा सांगा फक्त." ती बी.कॉम. झालेली असते. इंग्रजी मेल उघडून, समजून, दोन ओळींचं उत्तर लिहू शकणारी घरात ती एकटीच असते, आणि तिचा फोन कधी हरवत नाही, कारण तो बाहेर फारसा जातच नाही.

अर्थात यालाही आक्षेप आहे : सुनेला धंद्यातलं काय कळतंय. पण कायद्याच्या दृष्टीने तीच धंदा आहे. बाकीचे तिच्या दुकानात बसतात. आणि खरा धोका तिला कळत नाही हा नाहीच. समजा, तिला ॲडमिन केलं, चौघांच्या फोनवर आयमॅप बसवलं, आणि पहिल्याच महिन्यात तिने सगळ्यांना मेल पाठवला. त्याला विषय आहे : 'गल्ल्यातून घेतलेल्या रकमा, नावनिशीवार, मार्चअखेर'. सोबत जोडलेली यादी अंगठ्याविना, सरळ, चारही कोपरे दिसतील अशी. मेल चारही फोनांवर ठळक अक्षरांत येतो, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाही फोनवर फिकट होत नाही. कारण कुणी उघडला की उघडला हे चौघांना कळणार. दुकान वाढवताना थोरले धाकट्याला विचारतात, "काय रे, मेल आलाय का तुला काही?"

"नाही बा. तुम्हाला?"

"मला पण नाही. रेंजच नाही आज."